लेजर एक, लिहिणारे अनेक

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. १६० किलोबाइटची फ्लॉपी आणि ती वाचणारे एक-दोन ड्राइव्ह एवढीच त्याची साठवण. मार्च १९८३ मध्ये आलेल्या ‘एक्सटी’ला १० मेगाबाइटची हार्ड डिस्क मिळाली, पण ती फार महाग होती. या यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेली डॉस ही प्रणाली एका गृहीतकावर उभी होती. यंत्र एक, त्याच्यासमोर बसणारा माणूस एक, आणि डिस्कवर लिहिणाराही तोच. फाइल उघडताना ती आणखी कोणी उघडली आहे का, हा प्रश्न डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांना पडतच नसे. कार्यालयाचा व्यवहार नेमका उलट असतो. खातेवही, मालाची नोंद, पगारपत्रक, ग्राहकांची यादी यांतले काहीच एकट्याचे नसते. पीसीवरच्या फायली सामायिक करणाऱ्या सॉफ्टवेअरचा पुढचा सारा इतिहास या विसंगतीतून निघाला. त्यात तारा जोडणे हे तुलनेने सोपे काम होते. एकाच नोंदीवर दोघे लिहायला आले तर कोणाला थांबवायचे आणि कधी सोडायचे, हे ठरवणे अवघड होते. सोलापूरसारख्या शहरातल्या बँकशाखेपर्यंत हे तंत्र पोचले, तेव्हा त्याची परीक्षाही याच ठिकाणी झाली.

पहिला उपाय डिस्क वाटून घेण्याचा होता. कॅलिफोर्नियातल्या कॉर्व्हस कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी एक मोठी हार्ड डिस्क अनेक छोट्या संगणकांना जोडून देणारी व्यवस्था विकायला काढली. तिचे ‘ऑम्नीनेट’ नावाचे जाळे साध्या पिळलेल्या तारेच्या जोडीवर चाले. बॅकअपसाठी तर या कंपनीने घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर वापरण्याची सोय केली होती. पण डिस्क सामायिक झाली तरी फाइल सामायिक होत नव्हती. डिस्कवरची कोणती जागा कोणत्या फाइलला दिली आहे याचा तक्ता प्रत्येक संगणक आपल्या स्मृतीत वेगळा बाळगत असे. दोन संगणकांनी एकाच वेळी लिहायला घेतले की दोघांनाही तीच जागा रिकामी दिसे, दोघेही तिथेच लिहीत, आणि एकाची फाइल दुसऱ्याच्या मजकुराने भरून जाई. म्हणून डिस्कचे तुकडे करून प्रत्येकाला आपापला तुकडा देण्यात येई आणि सर्वांचा भाग फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवला जाई. खर्च वाचला, पण खातेवही सामायिक झाली नाही.

हा पेच सोडवला तो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नोव्हेलने. ही कंपनी मुळात छोटे संगणक आणि टर्मिनल बनवत होती आणि बुडण्याच्या बेतात होती. तिने ड्रू मेजर, डेल नायबाउर आणि काइल पॉवेल या तरुण प्रोग्रॅमरांना आपले संगणक एकमेकांना जोडण्याचे काम कंत्राटावर दिले. पुढे मार्क हर्स्टही त्यांच्यात आले. ‘सुपरसेट’ या नावाने काम करणाऱ्या या गटाने डिस्क वाटण्याची कल्पनाच सोडून दिली. त्यांच्या रचनेत डिस्कला हात लावण्याचा अधिकार एकाच यंत्राला, म्हणजे फाइल सर्व्हरला होता. बाकीचे संगणक त्याच्याकडे फक्त मागणी करत: अमुक फाइल उघड, तिच्यातल्या अमुक ठिकाणापासून इतके बाइट दे, इथे हे लिही. जागेचा तक्ता एकाच्याच ताब्यात राहिल्याने दोन तक्त्यांचा झगडा उरला नाही. शिवाय सगळ्या मागण्या एकाच दारातून येत असल्यामुळे कोणी आधी मागितले हे त्या सर्व्हरला ठाऊक असे, आणि दुसऱ्याला ‘थांब’ म्हणणे प्रथमच शक्य झाले. आज ही गोष्ट इतकी उघड वाटते की तिचे मोल लक्षात येत नाही, पण पीसीच्या जगात सामायिक लेखन खऱ्या अर्थाने इथे सुरू झाले. जाळे चालते की नाही हे तपासण्यासाठी याच गटाने ‘स्नाइप्स’ नावाचा, अक्षरांच्या पडद्यावर अनेकांनी मिळून खेळायचा खेळ लिहिला. पीसीच्या नेटवर्कवर खेळल्या गेलेल्या अगदी पहिल्या खेळांत त्याची गणना होते.

१९८३ मध्ये रे नूर्डा नोव्हेलचे प्रमुख झाले. सॉफ्टवेअर विकायचे आणि यंत्र कोणाचेही चालवून घ्यायचे, हे धोरण त्यांनी धरले. ‘नेटवेअर’ या नावाने ही प्रणाली अनेक कंपन्यांच्या नेटवर्क कार्डांवर चालू लागली. मग नोव्हेलनेच एनई-१००० आणि एनई-२००० ही स्वस्त कार्डे काढली, आणि त्यांच्या नकला सगळ्या बाजारात पसरल्या. १९८९ मध्ये आलेल्या नेटवेअर ३८६ नंतर, नव्वदीच्या पहिल्या काही वर्षांत, जगातली निम्म्याहून अधिक पीसी-जाळी नेटवेअरवर होती.

टेबलावरच्या संगणकात डॉस तसाच राहत असे. त्याच्या जोडीला आयपीएक्स आणि नेटएक्स हे दोन छोटे प्रोग्रॅम चढवायचे. डॉसला फाइलचे काम सांगण्यासाठी सगळे प्रोग्रॅम एकच ठरलेली हाक देत. नेटएक्स ती हाक मधेच ऐके. ड्राइव्हचे अक्षर सी असेल तर ती डॉसकडे जाऊ देई, एफ असेल तर मागणीचे पाकीट करून तारेवरून सर्व्हरकडे धाडी. प्रोग्रॅमला यातले काहीच कळत नसे. एका यंत्रासाठी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम नेटवर्कवर उचलून ठेवता येई तो यामुळेच. एफ या अक्षरालाही कारण होते. डॉस स्वतःसाठी ईपर्यंतची अक्षरे राखून ठेवी, आणि सर्व्हरच्या वाट्याला त्यापुढचे पहिले अक्षर येई. भारतातल्या हजारो कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी रोज सकाळी ज्या ‘एफ’ पुढे लॉगिन टाइप केले, तो असा ठरला.

आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट याच काळात दुसऱ्या वाटेने चालले होते. आयबीएममधले बॅरी फाइगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास फाइलच्या मागण्या तारेवरून कशा पाठवायच्या याचे नियम आखले. आधी त्यांना फाइगेनबॉम यांच्याच आद्याक्षरांचे नाव होते. मग ते बदलून ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, म्हणजे एसएमबी, असे झाले. ऑगस्ट १९८४ च्या डॉस ३.० मध्ये ‘शेअर’ नावाचा प्रोग्रॅम आला आणि ३.१ मध्ये नेटवर्कची जोडणी आली. सामायिक लेखनाचे व्याकरण डॉसला इथे मिळाले. फाइल उघडतानाच प्रोग्रॅमने सांगायचे की इतरांना वाचू द्यायचे की नाही, लिहू द्यायचे की नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फाइलचा एखादाच पट्टा, एकाच नोंदीचे बाइट, कुलूपबंद करता येऊ लागले. दहा हजार खात्यांच्या फाइलमधले एक खाते अडवून ठेवायचे आणि बाकी सगळी इतरांना मोकळी सोडायची, हे या पट्ट्याच्या कुलपामुळे जमले.

इतर प्रवाहही होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस ही युनिक्स यंत्रांसाठीची पद्धत जाहीर केली आणि १९८६ मध्ये पीसी-एनएफएस काढून डॉसलाही तिच्यात ओढले. एनएफएसचा सर्व्हर कोणी कोणती फाइल उघडली आहे हे लक्षातच ठेवत नसे. त्यामुळे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम पुढे चाले, पण कुलपांची व्यवस्था वेगळी लावावी लागे. मॅकिन्टॉशसाठी ॲपलने १९८७ मध्ये ॲपलशेअर आणले. बर्कलीच्या एका छोट्या कंपनीचे ‘टॉप्स’ मॅक आणि पीसी यांना एकमेकांच्या फायली दाखवत असे. ॲरिझोनातल्या आर्टिसॉफ्टचे ‘लॅनटॅस्टिक’ कमी पैशांत, वेगळा सर्व्हर न ठेवता चाले. भारतात यांतले बहुतेक जेमतेम पोचले. इथे दीर्घकाळ कार्यालयातले जाळे, म्हणजे लॅन, म्हटले की नोव्हेल असेच समीकरण होते. पुढे मुंबईच्या ऑनवर्ड समूहाने नोव्हेलशी भागीदारी केली, तीही ऑनवर्ड नोव्हेल या नावाने.

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि पीसी भारतात आवाक्यात येऊ लागला. महाराष्ट्रात त्याआधीच, १९८३ मध्ये, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली होती. सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्याच वर्षीचे, म्हणजे नेटवेअरच्याच वयाचे. अशा महाविद्यालयांच्या वाढत्या संख्येमुळे जिल्ह्याजिल्ह्यांत नेटवर्क लावणारी आणि दुरुस्त करणारी पहिली पिढी तयार झाली. १९८७-८८ पासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे निकनेट उपग्रहामार्फत जिल्ह्यांची ठिकाणे दिल्लीशी जोडू लागले. पण निकनेटचे काम माहिती दूरच्या ठिकाणी पोचवण्याचे होते. शेजारच्या टेबलावरची फाइल उघडण्याची गरज त्याने भागत नव्हती. ती गरज सर्वांत आधी आणि सर्वांत निकडीने बँकांना भासली.

संगणकाआधीच्या शाखेत प्रत्येक लेजरचा एक कीपर असे. ग्राहकाने पैसे काढण्याची स्लिप दिली की त्याला पितळी टोकन मिळे. कीपर लेजर उघडून शिल्लक पाही, रक्कम नावे टाकी, आणि लेजर व स्लिप दोन्ही पासिंग ऑफिसरच्या टेबलावर जात. तो सही ताडून पाही, नोंदीवर आद्याक्षरे करी, मग स्लिप कॅशियरकडे. लेजर ऑफिसरकडे असेपर्यंत त्यातल्या दुसऱ्या कोणत्याही खात्याचे काम थांबे. सोलापुरात चाटी गल्ली किंवा नवी पेठेच्या आसपासच्या बाजारात आठवड्याच्या पगाराच्या दिवशी काउंटरपुढे किती माणसे खोळंबत असतील, याची कल्पना सहज करता येते. संध्याकाळी बॅलन्सिंग. जमा आणि नावे जुळेपर्यंत कोणी घरी जायचे नाही.

१९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये शाखांसाठी ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ सुचवले. ही यंत्रे सुटी होती. ठरावीक लेजरे एका यंत्रावर, उरलेली दुसऱ्यावर. कागदाचे लेजर गेले, पण लेजर ज्याच्यासमोर आहे त्यानेच लिहायचे ही जुनी अडचण तशीच राहिली. फक्त आता लेजर उचलून ऑफिसरच्या टेबलावरही नेता येत नव्हते. रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीने १९८९ मध्ये शाखेचे सगळे काम संगणकावर नेण्याची दिशा दाखवली. १९९३ मध्ये संघटनांशी नवा करार झाला आणि ‘टोटल ब्रँच ऑटोमेशन’ जोरात सुरू झाले. १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना १ जानेवारी २००१ पर्यंत सत्तर टक्के व्यवहार संगणकावर आणायला सांगितले, तेव्हा उरलेल्या शाखांचीही धावपळ झाली.

टोटल ब्रँच ऑटोमेशन दोन प्रकारे उभारता येत होते. एक युनिक्सचा: एकच मोठे यंत्र, त्याला जोडलेली ‘डंब’ टर्मिनले, सगळे काम आत. दुसरा लॅनचा: एक सर्व्हर, त्यावर लेजरच्या फायली, आणि प्रत्येक काउंटरवर पीसी. या पीसींना शाखेत ‘नोड’ म्हणत. बरेचसे नोड बिनडिस्कचे असत. नेटवर्क कार्डावर बसवलेली बूट रॉम चिप त्यांना थेट सर्व्हरवरून सुरू करी. फ्लॉपी ड्राइव्हच नसल्यामुळे कोणाला काही बाहेर नेता येत नसे आणि आतही आणता येत नसे, हा बँकेच्या दृष्टीने मोठा गुण होता. खरा फरक मात्र पासिंगमध्ये पडला. कारकुनाने आपल्या नोडवर नोंद केली की ती ऑफिसरच्या पडद्यावर मंजुरीच्या यादीत दिसे. ऑफिसर ती पास करत असताना ते एकच खाते अडलेले असे. बाकीच्या खात्यांवर इतर काउंटरांचे काम चालू राहत असे. ‘सिंगल विंडो’ नावाने ग्राहकाला जी सोय दिसली, तिच्या तळाशी डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीतले ते पट्ट्याचे कुलूप होते.

अशा शाखेत सर्व्हरला काचेची वातानुकूलित केबिन असे, आणि बाहेर चपला काढून आत जावे लागे. केबिनमध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या, टेप ड्राइव्ह, आणि काळ्या पडद्यावर नेटवेअरच्या मॉनिटर प्रोग्रॅमचा सरपटणारा साप. सर्व्हरवर भार वाढला की साप लांब होई आणि वेगाने धावे. दुपारी बाराच्या सुमारास काउंटरवर गर्दी किती आहे हे बाहेर न जाता त्या सापावरून कळे.

तारेचे दुखणे मात्र रोजचे. बहुतेक ठिकाणी पातळ कोॲक्सियल केबल एका नोडकडून दुसऱ्याकडे ओवत नेलेली असे. प्रत्येक नोडच्या पाठीमागे टी आकाराचा कनेक्टर, आणि केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एका पट्ट्याची लांबी १८५ मीटरपर्यंत आणि त्यावर जास्तीत जास्त तीस जोडण्या, असा नियम होता. टेबल सरकवताना एक टी ढिला झाला तर तो एकच नोड बंद पडून भागत नसे, सगळे काउंटर एकदम थांबत. मग इंजिनिअर येई. केबलच्या मध्यावर एक टर्मिनेटर लावून आधी कोणता अर्धा भाग जिवंत आहे ते पाही. मेलेला अर्धा भाग पुन्हा अर्धा करी, आणि असे करत करत त्या एका ढिल्या टीपर्यंत पोचे. हाताशी मल्टिमीटर असेल तर आधी केबलचा रोध मोजायचा. २५ ओहम दिसले तर दोन्ही टर्मिनेटर शाबूत, ५० दिसले तर एक गळालेला. जिल्ह्याच्या गावी कंपनीचा माणूस पुण्याहून यायला दिवस लागे. त्यामुळे शाखेतलाच एखादा तरुण कारकून हे सगळे शिकून घेई, आणि ‘सिस्टीम’ बघणारा म्हणून ओळखला जाऊ लागे.

संध्याकाळचे बॅलन्सिंग गेले आणि त्याच्या जागी ‘डे-एंड’ आले. दिवसाच्या नोंदी बंद करून व्याज, शिल्लक आणि अहवाल तयार करणारा हा प्रोग्रॅम सगळ्या फायली एकट्याच्या ताब्यात मागे. एखादा कारकून लॉगआउट न करता निघून गेला असेल तर त्याच्या नोडने धरलेली फाइल सुटत नसे आणि डे-एंड अडून बसे. मग युजरलिस्टच्या आज्ञेने कोणता नोड लॉगिन आहे ते काढायचे, सेंडच्या आज्ञेने सर्वांच्या पडद्यावर लॉगआउट करण्याचा निरोप पाठवायचा, आणि कोणी उत्तर दिले नाही तर केबिनमधूनच ती जोडणी तोडायची. हा अधिकार ‘सुपरवायझर’ या नावाने लॉगिन होणाऱ्यालाच असे, आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवण्याची पद्धत होती.

भाषेच्या बाजूने ही व्यवस्था अपुरी राहिली. सोलापुरातला खातेदार मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारा, आणि पडदा मात्र रोमन अक्षरांचा. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड काढून डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली होती, तरी बँकांची लेजरे इंग्रजीतच राहिली. हस्तलिखित लेजरात एकाच घराण्याचे आडनाव कसे लिहायचे हे कीपरला पाठ असे. सामायिक फाइलमध्ये ते तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी जाऊन बसले, आणि नावावरून खाते शोधणे हे नवेच कौशल्य झाले.

बँकांबाहेर, छोट्या संस्थांमध्ये, हिशेबाचे प्रोग्रॅम डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले असत. १९८५ च्या डीबेस थ्री प्लसमध्ये नेटवर्कवर नोंद अडवण्याच्या सोयी आल्या होत्या. सहकारी पतसंस्था, रुग्णालये, कारखान्यांची वेतनखाती यांच्यासाठी गावातल्याच प्रोग्रॅमरने बसवून दिलेले असे प्रोग्रॅम महाराष्ट्रभर वर्षानुवर्षे चालले. अशा प्रोग्रॅममध्ये सर्व्हर फक्त फाइल ठेवतो, तिच्यातले शोधायचे काम नोडच करतो. एक खाते शोधायला इंडेक्सचे, म्हणजे नोंदींच्या अनुक्रमणिकेचे, अनेक तुकडे तारेवरून येतात. नोंद बदलल्यावर आधी नोंद आणि मग इंडेक्स असे दोनदा लिहिले जाते. या दोन लिहिण्यांच्या मधे वीज गेली की नोंद एक सांगते आणि इंडेक्स दुसरेच. ‘इंडेक्स करप्ट झाला, रीइंडेक्स करा’ हे वाक्य त्या काळात कार्यालयांतून सर्रास ऐकू येई. नेटवेअरने यावर इलाज दिला होता. ज्या फायलींना तशी खूण केलेली असे, त्यांच्यातला अर्धवट व्यवहार सर्व्हर पुन्हा सुरू होताना आपोआप मागे फिरवला जाई. ही खूण करण्याइतकी जाण प्रत्येक ठिकाणी नव्हती, हे दुर्दैव. स्वस्त आणि सोप्या साधनांनी छोट्या शहरांच्या संस्थांना संगणक वापरायला शिकवले हे खरे, पण त्या साधनांच्या मर्यादांची किंमत रात्री उशिरापर्यंत बसून रीइंडेक्स करणाऱ्यांनी चुकवली.

नव्वदीच्या मध्यावर वेगळा सर्व्हर ठेवण्याची गरजच कमी झाली. ऑक्टोबर १९९२ मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्स आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले. कोणत्याही संगणकाच्या फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘शेअरिंग’ निवडले की तो इतरांना दिसू लागे. कापडपेढ्या, सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, सनदी लेखापालांची कार्यालये अशा ठिकाणी लॅन पोचले ते या मार्गाने. मालकाच्या किंवा मुनिमाच्या संगणकावर टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा, आणि दुसऱ्या दोन संगणकांवरून त्याच फोल्डरमध्ये नोंदी. टॅली एकाच वापरकर्त्यासाठी आणि लॅनसाठी वेगवेगळ्या परवान्यांत मिळत असे. नेटवेअरमधले बारीक अधिकार इथे नव्हते. तिथे वाचणे, लिहिणे, नवी फाइल करणे, पुसणे असे आठ वेगवेगळे हक्क व्यक्तीनुसार देता येत. विंडोज ९५ मध्ये सहसा पूर्ण फोल्डरलाच एक पासवर्ड असे. तोही फार भक्कम नव्हता. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की पासवर्डचे पहिलेच अक्षर जुळवून हे कुलूप उघडता येते, आणि दुरुस्ती दिली.

मोठ्या कार्यालयांत नेटवेअरची जागा विंडोज एनटीने घेतली. एनटीचा सर्व्हर एसएमबीवरच चाले. वेग वाढवण्यासाठी त्यात एक युक्ती होती. फाइल एकाच नोडने उघडली असेल तर त्याला बदल स्वतःकडेच साठवू द्यायचे, आणि दुसरा आला की ते परत मागायचे. या ‘अपॉर्च्युनिस्टिक लॉक’मुळे साध्या फायली पळू लागल्या, पण फॉक्सप्रो आणि क्लिपरच्या सामायिक फायली नेटवेअरवरून एनटीवर नेल्यावर अनेक ठिकाणी बिघडू लागल्या. ही युक्ती बंद करून ठेवणे हा जाणकारांचा पहिला सल्ला असे.

एसएमबी मायक्रोसॉफ्टच्या मुठीत राहिले नाही याचे श्रेय अँड्र्यू ट्रिजेल यांना जाते. कॅनबेरातल्या विद्यापीठात संशोधन करताना १९९१ च्या अखेरीस त्यांनी एका कंपनीचा फाइल सर्व्हर आणि पीसी यांच्यात तारेवरून काय जाते ते टिपून घेतले आणि त्याच भाषेत उत्तर देणारा सर्व्हर युनिक्सवर लिहिला. पुढे नाव शोधताना त्यांनी शब्दसंग्रहाच्या फाइलमध्ये एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द काढले. त्यातला ‘सांबा’ त्यांना आवडला. लिनक्ससोबत फुकट मिळणाऱ्या सांबामुळे जुना पीसीही सर्व्हर म्हणून उभा करता येऊ लागला. युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या खटल्यानंतर, डिसेंबर २००७ मध्ये, सांबाच्या लेखकांना या नियमांची अधिकृत कागदपत्रे मिळाली. तोवर पंधराहून अधिक वर्षे त्यांनी हे काम तारेवर कान ठेवूनच केले होते.

सामायिक फोल्डर जसे माणसांना मोकळे झाले तसे व्हायरसांनाही. फ्लॉपीच्या काळात व्हायरस एका यंत्रातून दुसऱ्यात माणसाच्या हाताने जाई. १९९९ चा फनलव्ह आणि सप्टेंबर २००१ चा निमडा यांनी उघडी शेअर शोधून स्वतःच प्रवास केला. याच काळात पुण्याच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसचा क्विक हील महाराष्ट्रातल्या संगणकांवर घरोघर झाला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून, भाऊ संजय यांच्यासह, हा अँटिव्हायरस १९९५ मध्ये डॉससाठी बाजारात आणला होता.

२००० नंतरच्या दशकात कोअर बँकिंग आले आणि लेजर शाखेतून निघून मुख्य डेटा सेंटरमध्ये गेले. आता कुलूप लावण्याचे काम फाइल सर्व्हरऐवजी डेटाबेस करू लागला. फाइलमधले शोधण्याचे काम नोडनेच करायची पद्धत संपली. काउंटरवरचा संगणक फक्त विचारणा करी आणि उत्तर दाखवी. काचेच्या केबिनी रिकाम्या झाल्या, कोॲक्सियल केबल उपसून तिथे स्विच आणि नव्या तारा आल्या. नोव्हेलने नेटवेअरची शेवटची मोठी आवृत्ती, ६.५, २००३ मध्ये काढली आणि त्यानंतर स्वतःच लिनक्सकडे वळली.

एसएमबी मात्र टिकले, आणि त्याच्या सर्वांत जुन्या रूपानेच सर्वांत मोठा घाव घातला. विंडोजमधल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिली. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने गाठले. २७ जून रोजी नॉटपेट्या हा त्याहून घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला. हाच दोष आणि चोरलेले पासवर्ड वापरून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. महाराष्ट्राच्या निर्यातीचा मोठा भाग जिथून जातो, तिथे कंटेनर अडकून पडले आणि ट्रकांच्या रांगा लागल्या.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या संगणकावर आपोआप बसणे बंद झाले. फोल्डर सामायिक करायला आता तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्त्या वापरल्या जातात, आणि त्यातल्या तिसऱ्या आवृत्तीत तारेवरून जाणारा मजकूर सांकेतिक करण्याची सोय आहे. ज्या कार्यालयात जुन्या झेरॉक्स यंत्रावर स्कॅन केलेला कागद थेट शेअर फोल्डरमध्ये पडतो, किंवा जुन्या विंडोजवरचा हिशेबाचा संगणक अजून सर्व्हर म्हणून राबतो, तिथे तंत्रज्ञाला विंडोजच्या वैशिष्ट्यांच्या यादीत जाऊन पहिल्या आवृत्तीच्या चौकोनात हाताने खूण करावी लागते.